जुनं लाकूड, नवा रंग: छंद म्हणून फर्निचर रंगवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी पुण्यातल्या आमच्या घराच्या अरुंद बाल्कनीत जुनं फर्निचर आणून रंगवते. घरी आलेले लोक कपाटावर हात फिरवतात, खणाची मूठ ओढून बघतात आणि मग साधारण हेच प्रश्न विचारतात. माझ्या हाताखालून गेलेल्या चाळीसेक वस्तूंनी जे शिकवलं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

पहिल्यांदा कोणती वस्तू घ्यावी?

स्टूल, चौरंग, लहान टेबल किंवा एखादा पेटारा. सपाट पृष्ठभाग जास्त आणि कोपरे कमी असलेलं काहीही चालेल. खुर्ची लहान दिसते म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात आणि दमतात. तिचे गोल पाय, आडव्या दांड्या आणि पाठीच्या पट्ट्या घासायला दोन दिवस जातात, शिवाय गोल दांडीवरून रंग ओघळतो तो वेगळाच. जेवणासाठी वापरायचे पोळपाट, परात ठेवायचे पाट आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाला लागेल असा पाळणा, या गोष्टी रंगवायला घेऊ नका.

जुनं फर्निचर मिळतं कुठे?

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानं ओळीने आहेत. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला जायचं असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात. पण माझ्याकडच्या चांगल्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक बाजारातून आलेल्याच नाहीत. त्या आल्या नातेवाइकांच्या माळ्यावरून, घर बदलणाऱ्या शेजाऱ्यांकडून आणि भंगारवाल्याकडून. आमच्या भंगारवाल्या काकांना मी सांगून ठेवलंय की लाकडाचं काही आलं तर तोडण्याआधी मला दाखवा.

घेताना वस्तू उलटी करून बघा. पुढून सगळंच चांगलं दिसतं. खरी हकिगत मागे, खाली आणि खणाच्या आत असते. दोन्ही हातांनी धरून हलवा. सांधा सैल असेल तर हरकत नाही, फेविकॉल आणि शिकंजा लावून तो बसतो. पाय खालून कुजून मऊ झाला असेल तर मात्र सुताराचं काम आहे आणि ते स्वस्त नाही. खणाचा वास घ्या. कुबट वास भरलेलं कपाट महिनाभर उन्हात ठेवूनही मी पूर्ण वासमुक्त करू शकलेले नाही.

लाकूड कोणतं आहे हे कसं ओळखायचं?

कडेला बघा. कडेला थर दिसले तर प्लायवूड. दाबलेल्या भुशासारखं एकसंध तपकिरी दिसलं तर एमडीएफ किंवा तसाच प्रकार, आणि त्याला पाणी लागलं की ते फुगतं. खरं लाकूड असेल तर मागची न रंगवलेली बाजू थोडी घासून पाहा. सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि घासताना चामड्यासारखा वास येतो. शिसवी गडद, जांभळट छटेचं आणि वजनाला चांगलंच जड असतं. आंब्याचं लाकूड फिकट असतं, त्याला कीड लवकर लागते, आणि रंगवण्यासाठी ते उत्तम, कारण त्यावर रंग चढवताना मनाला काही वाटत नाही.

कुठलं फर्निचर रंगवूच नये?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

मी रंगवलेली पहिली वस्तू आईच्या माहेरचा टीपॉय होता. पन्नास-साठ वर्षं पॉलिश होत आलेला, जवळजवळ काळा पडलेला. मला वाटलं, घरात उजेड कमी आहे, हा पांढरा केला तर खोली खुलेल. दोन हात मारले. छान दिसत होता. मग आजीचा एक भाऊ घरी आला, त्याने टीपॉय उलटा केला, खालची बाजू बघितली आणि म्हणाला, "अगं, हा शिसवी आहे." पुढे काही बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी तो रंग काढायला बसले. वरचा थर निघाला, पण शिसवीच्या बारीक छिद्रांत शिरलेला पांढरा रंग आजही तिथेच आहे. जवळून पाहिलं की काळ्या लाकडावर पिठाचे कण सांडल्यासारखा दिसतो. तो टीपॉय मी तसाच ठेवलाय, रोज वापरते, आणि नवीन वस्तू आणली की रंगाचा डबा उघडण्याआधी तिला एकदा उलटी करते.

म्हणून माझा नियम असा: शिसवी, चांगलं जुनं सागवान, हाताने कोरलेलं काम, पितळी जडाव आणि वेताचं विणकाम यांवर रंग चढवू नये. त्यांना स्वच्छ करा, पॉलिश करा. रंग चढवायचा तो प्लायवूड, पाइन, आंबा, फुटक्या सनमायकाची टेबलं आणि आधीच दोन-तीनदा ऑईल पेंट फासलेली कपाटं यांना. ज्यांना कोणी घरात घेणार नाही अशा वस्तू रंगाने पुन्हा घरात येतात, म्हणून हा छंद मला मोलाचा वाटतो.

वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी वाटत असेल, किंवा एखाद्या वाड्याचा कोरीव खांब किंवा महिरप असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यात १०० वर्षांची अटच आहे आणि इमारतीपासून सुटे केलेले भागही त्यात येतात.

जुना ऑईल पेंट घासून काढला तर चालेल?

कोरडा घासू नका. हे मी कळकळीने सांगते. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः चकचकीत पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑईल पेंटमध्ये, कितीतरी जास्त शिसं असू शकतं. तुम्ही काचकागद फिरवला की ते धुळीत येतं, धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि गरोदर बाईलाही त्याचा धोका असतो.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढायची गरजच नाही. पाण्याने ओला केलेला वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने पुसा आणि वर प्रायमर द्या. पोपडे निघत असतील तर वस्तू नीट ओली करूनच खरवडा, खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, सगळा चोथा गुंडाळून टाका. हीट गनने जाळून काढू नका, वाफ थेट छातीत जाते. आणि ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे तिथे हे काम घरात करूच नका.

कीड किंवा ढेकूण असतील तर?

टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की लाकडात भुंग्याची कीड आहे. भोकं जुनी असून भुसा पडत नसेल तर बहुधा कीड मेलेली असते. खात्रीसाठी खाली काळा कागद ठेवून आठ-दहा दिवस पाहा. भुसा पडला तर लाकडावरच्या किडीचं औषध इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकांत सोडायचं, हातमोजे घालून, उघड्या जागेत. नंतर ती भोकं मेणाने किंवा लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) बुजवायची.

ढेकणांसाठी पलंगाच्या खाचा, स्क्रूची भोकं आणि पट्ट्यांच्या मागची बाजू टॉर्च लावून बघा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर ती वस्तू घेऊ नका. जुन्या गाद्या आणि कापडाने मढवलेल्या खुर्च्या मी कधीच आणत नाही.

घासणं खरंच लागतं का? चॉक पेंटला लागत नाही म्हणतात.

लागतं. चॉक पेंट म्हणजे खडूसारखा मॅट पोत देणारा रंग. तो इंग्लंडमध्ये १९९० मध्ये ॲनी स्लोन यांनी बाजारात आणला आणि "घासू नका, प्रायमर नको" हीच त्याची मोठी ओढ होती. तिथल्या जुन्या, सुकलेल्या, मेण लावलेल्या फर्निचरवर ते बऱ्याच अंशी खरं असेल. आपल्याकडच्या जुन्या फर्निचरवर मात्र वर्षानुवर्षांचा तेलाचा हात, स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि त्यावर वरचेवर मारलेलं चकचकीत पॉलिश असतं. त्यावर कुठलाही रंग थेट दिला की सहा महिन्यांत नखाने निघतो.

माझा क्रम असा. आधी धुवायचं: कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण, फडकं घट्ट पिळून पुसणं, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसणं. लाकडावर पाणी ओतायचं नाही. मेणचट थर असेल तर पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकते. हे घासण्याआधी करायचं असतं, कारण तेलकट लाकूड घासलं की काचकागद ते तेल लाकडाच्या आत दाबतो. एक दिवस वाळू द्या. मग १२० नंबरचा कागद, मग २२०. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा घासलात तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. लाकूड उघडं पाडायचं नाही, फक्त चमक मारायची आहे. बोटं फिरवली की पाटीवरून फिरवल्यासारखं वाटलं पाहिजे.

मुठी, कड्या आणि बिजागऱ्या आधीच काढून ठेवा, प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत. नाकावर एन-९५ मास्क असू द्या. सागवानाच्या भुशाने कित्येकांच्या हाताला खाज येते, आणि कुठल्याही लाकडाची बारीक धूळ रोज छातीत जाणं वाईटच.

पांढरा रंग दिला, आठवड्यात पिवळे-तपकिरी डाग उठले. का?

लाकडातलं टॅनिन. सागवान, बाभूळ आणि काही गडद लाकडांत ते भरपूर असतं. पाण्यात मिसळणारा रंग ते विरघळवून वर ओढतो. तुम्ही आणखी दोन हात दिलेत तरी डाग पुन्हा वर येतो.

उपाय आपल्याच पॉलिशवाल्यांकडे आहे: चपडी. लाखेचे हे पातळ पापुद्रे हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. पाव लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये साधारण ४० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, मधून मधून हलवा. चपडीत थोडं नैसर्गिक मेण असतं, ते तळाशी बसतं. वरचं निवळ द्रावण वेगळ्या बरणीत ओतून तेवढंच वापरा, नाहीतर त्या मेणामुळे वरचा रंग सुटू शकतो. याचे दोन पातळ हात दिले की डाग थांबतो. तासाभरात वाळतं. जुन्या गाठींतून येणारी डिंकासारखी चिकटही याने अडते, आणि कुबट वासही बऱ्यापैकी दबतो.

स्पिरिटचा आणखी एक उपयोग. जुना लेप कशाचा आहे हे कळत नसेल तर मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडीचं पॉलिश. बोळ्याला रंग लागला तर बहुधा पाण्याचा रंग. काहीच झालं नाही तर ऑईल पेंट किंवा कडक पॉलिश, म्हणजे घासण्याची मेहनत जास्त, आणि जुना ऑईल पेंट असेल तर ते ओलं करूनच.

रंग कोणता वापरावा?

घरात बसून करायचं असेल तर पाण्यात मिसळणारं एनॅमल. वास कमी येतो, ब्रश नळाखाली धुता येतो, दुसरा हात चार-पाच तासांत देता येतो. ऑईल पेंट कडक बसतो, पण दुसऱ्या हाताला रात्र जाऊ द्यावी लागते आणि पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळसर होतो. भिंतीचा इमल्शन टेबलाच्या वर लावू नका, तो मऊ राहतो आणि कप चिकटतो.

मॅट, खडूसारखा पोत हवा असेल तर चॉक पेंट घरीही होतो. एक वाटी चांगलं इमल्शन, पाव ते एक तृतीयांश वाटी चॉक पावडर, आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून मग रंगात घालायची. प्लॅस्टर ऑफ पॅरिसनेही होतो, पण ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं. लागेल तेवढंच कालवा. हा रंग लावून बाजूला ठेवला की संपत नाही, वर संरक्षक थर द्यावाच लागतो.

सनमायकावर रंग बसतो?

बसतो, पण सनमायका सुटलेला नसेल तरच. सुटलेल्या कडा आधी चिकटवा. २२० ने चमक पूर्ण मारा, स्पिरिटने पुसा, गुळगुळीत पृष्ठभागांसाठी मिळणारं चिकट प्रायमर लावा आणि एक दिवस थांबा. ओट्याच्या कपाटांवर मी हे केलं, चार वर्षं टिकलं. रोज पुसल्या जाणाऱ्या मुठींभोवती मात्र रंग निघतो.

नक्षी कशी काढायची? हात चांगला नाही.

तुळशीबागेत रांगोळीच्या जाळ्या मिळतात, त्या घ्या. दिवाळीच्या आसपास तर भरपूर मिळतात: मोर, कमळ, वेलबुट्टी, गोपद्मं. फर्निचरसाठी त्या अगदी उत्तम जाळ्या आहेत. मुख्य गोष्ट म्हणजे ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवा, कागदावर टिपा, पुन्हा टिपा, आणि आता काही उरलं नाही असं वाटेल तेव्हा जाळीवर उभा ठोकत जा. रंग जास्त झाला की जाळीखाली पसरतो आणि मोराची मान जाड होते. जाळी उचलून मागून पुसूनच पुढे ठेवा.

माझा दुसरा आवडता स्रोत म्हणजे पैठणी. पदरावरचा बांगडी मोर, मुनिया, असावलीची वेल आणि नारळी काठ, हे सगळं चौकटीत बसणारं काम आहे. विणकर ते ताण्या-बाण्याच्या चौकोनांत विणतात. आलेखाच्या कागदावर काढून घेतलं की खणाच्या पट्टीवर हुबेहूब उतरतं. जांभळ्या कपाटावर सोनेरी नारळी काठ दिला आणि आतल्या बाजूला मोरपंखी रंग. माझ्या मावशीने ते उघडलं आणि म्हणाली, "पैठणीची घडी उघडल्यासारखं वाटतं."

आणि एकदा सावंतवाडीला जाऊन या. तिथले चितारी कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० गोल पत्ते असतात. पारंपरिक पद्धतीत कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड चढवून गुळगुळीत पाया तयार करतात, त्यावर रंगकाम आणि शेवटी लाखेचा थर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जाणवलं की बाटलीत मिळणारा चॉक पेंट म्हणजेही शेवटी बांधून ठेवणारा पदार्थ आणि खडू. आपल्याकडच्या हातांना ही रीत फार आधीपासून माहीत आहे. त्याच शैलीत तिथे पाट, चौरंग आणि पेट्याही रंगवल्या जातात. लाल पायावर पिवळी-हिरवी वेल, बारीक काळी रेघ, कडेला सलग पट्टी. नवशिक्याने रंगसंगती तिथून शिकावी. मोजके रंग, आणि प्रत्येक आकाराला बारीक काठ.

वारली चित्रं काढली तर?

तारपा नाच, झाडं, शेतीची कामं, प्राणी जरूर काढा. पांढरी आकृती गेरूच्या रंगावर सुंदर दिसते. लग्नचौक आणि त्यातली पालघाट देवी मात्र मी फर्निचरवर काढत नाही. तो चौक लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर काढतात, तो पूजेचा भाग आहे. तो चपलांच्या कपाटावर यावा असं मला वाटत नाही.

खालचा रंग मधून मधून दिसतो, तसं झिजलेलं रूप कसं आणायचं?

पहिला रंग वाळला की कडांवर, कोपऱ्यांवर आणि मुठीभोवती मेणबत्ती घासा. वर दुसरा रंग द्या. वाळल्यावर तिथे २२० चा कागद फिरवला की मेणावरचा रंग सहज निघतो. पण विचार करून ठरवा: खरं फर्निचर कुठे झिजतं? जिथे हात लागतो, पाय लागतो, खुर्ची आदळते. फळीच्या मधोमध झिजलेलं खोटं दिसतं.

भेगांचा पोत हवा असेल तर दोन रंगांच्या मध्ये फेविकॉलचा सलग थर द्या, तो चिकट असतानाच वर पाण्याचा रंग एकाच दिशेने लावा. पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. अर्ध्या तासात भेगा पडू लागतात.

वरून काय लावावं?

रोजच्या वापराच्या टेबलावर पाण्याचं पॉलियुरेथेन, तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० किंवा ४०० चा कागद हलका. ऑईल वॉर्निश पांढऱ्या रंगावर पिवळं दिसतं. मधमाशीच्या मेणाचा लेप हाताला फार छान लागतो, पण गरम चहाचा कप ठेवला की वर्तुळ उठतं, कारण हे मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मेण शोभेच्या कपाटाला, आरशाच्या चौकटीला.

पावसाळ्यात काम करता येतं?

धुणं, सांधे बसवणं, घासणं, नक्षीचा सराव, हे सगळं जून ते सप्टेंबर करा. शेवटचे हात ऑक्टोबरपर्यंत थांबवा. दमट हवेत चपडी पांढुरकी पडते, ऑईल पेंट दिवस दिवस चिकट राहतो, आणि फुगलेला खण पावसाळ्यात रंधून बसवला की मार्चमध्ये सैल होतो. कोकणात राहत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तुमचा खरा हंगाम.

वापरलेल्या चिंध्या कुठे टाकायच्या?

जवसाच्या तेलाने किंवा तेलाच्या पॉलिशने भिजलेलं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर एकेक मोकळं पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. स्पिरिट आणि थिनरची बाटली देवघराजवळ किंवा गॅसजवळ उघडू नका. समईची ज्योतसुद्धा पुरते.

घरचा जुना देव्हारा रंगवू का?

घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. माझ्या सासूबाईंनी मला फक्त बाहेरून रंगवायची परवानगी दिली, आत त्यांच्या सासूबाईंच्या हातच्या कुंकवाचे डाग होते. ते आजही तसेच आहेत. बाहेर आम्ही दोघींनी मिळून गोपद्मं काढली.

किती दिवस लागतात आणि कधी वापरायला घ्यायचं?

स्टुलाला एक आठवडा, संध्याकाळचा दीड तास धरून. कपाटाला महिना. खुर्चीला दोन हातांसाठी पाव लिटर रंग पुरतो.

रंग हाताला कोरडा लागतो म्हणजे तो पिकला असं नाही. पाण्याच्या रंगालाही पूर्ण कडक व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर त्यावर फुलदाणी ठेवू नका, ओलं फडकं फिरवू नका, दोन रंगवलेले भाग एकमेकांना टेकवू नका, खण पूर्ण बंद करू नका. मी खणाच्या फटीत दुमडलेला बटर पेपर ठेवते. महिन्याने तो काढायचा, मुठी परत बसवायच्या, आणि खणात आधी जे असायचं ते परत ठेवायचं.